'फ्रॉम' म्हणजे 'पासून' नव्हे

पहिल्या नोकरीची मुलाखत. साहेबांनी विचारलं, "व्हेअर डू यू कम फ्रॉम?" मी ताठ बसून उत्तर दिलं, "आय ॲम कमिंग फ्रॉम स्वारगेट, सर." त्यांना माझं गाव हवं होतं, मी बसस्टँड सांगितला.

गाव सांगायचं तर "आय कम फ्रॉम सातारा." नुसतं 'कम'. 'कमिंग' म्हटलं की आत्ताचा प्रवास. बरं, हा फरक मराठी माणसाला नवा आहे का? "मी साताऱ्याचा" आणि "मी साताऱ्याहून येतोय" यात आपण कधी गोंधळतो? पण शाळेत हे असं कोणी समजावलंच नाही. 'फ्रॉम' म्हणजे 'पासून', घोका!

अहो, आपण घरून निघतो, झाडावरून पडतो, विहिरीतून पाणी काढतो, भावाकडून पैसे घेतो. 'पासून' आहे कुठे यात? इंग्रजी या सगळ्यांना एका 'फ्रॉम'वर भागवू शकते, आणि उगमाच्या छटा दाखवायला क्रियापदं बदलते. म्हणून क्रियापद आणि 'फ्रॉम' ही जोडीच शिकवायला हवी, सुटं 'फ्रॉम' नाही. 'हेल फ्रॉम' घ्या, म्हणजे अमुक गावचा असणं. समुद्रात एक जहाज दुसऱ्याला हाक मारून कुठल्या बंदराचं ते विचारायचं, त्या हाकेतून ते आलं. आणि माझं लाडकं 'डिराइव्ह फ्रॉम', म्हणजे एखाद्या गोष्टीतून निघणं किंवा मिळवणं. लॅटिनमध्ये 'रीवुस' म्हणजे ओढा. 'डिराइव्ह' म्हणजे मुळात ओढ्याचं पाणी वळवून नेणं, आपल्या भाषेत पाट काढणं! रात्रीची लाईट आली की पिकाला पाणी द्यायला जाणाऱ्या पोराला हे एकदा सांगून बघा.

'मेड ऑफ' आणि 'मेड फ्रॉम'चंही तेच. टेबलात लाकूड ओळखू येतं, म्हणून ढोबळमानाने 'ऑफ'. कागदात ते ओळखू येत नाही, म्हणून 'फ्रॉम'. अपवाद आहेत, पण परीक्षेपुरतं चालतं.

आता मात्र गाडी उलटी निघालीये. जाहिरातीत 'सोन्यापासून बनवलेली अंगठी' वाचली. सोन्याची अंगठी म्हणायला काय झालं होतं? 'तो मलेरियापासून ग्रस्त होता' हेही वाचलंय. मलेरिया झाला होता हो त्याला!

परवा इंग्रजी माध्यमातल्या भाचीने ताटातला लाडू उचलून विचारलं, "आजी, हा कशापासून बनलाय?"

आई म्हणाली, "बेसनाचा आहे. खा."