देवळाचे जमाखर्च अर्थशास्त्राच्या वर्गात यायला हवेत

धर्म आणि दान हा अर्थशास्त्राचाच विषय आहे, आणि कोकणात तर तो आधी शिकवला पाहिजे. मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. आता देवगड तालुक्यातल्या आमच्या गावच्या देवस्थानचा हिशेब बघतो. त्या अनुभवावरून हे ठामपणे लिहितोय.

निमित्त झालं भाचीचं. एम.ए.च्या प्रबंधासाठी तिने चाकरमान्यांची वर्गणी आणि गावचं देवस्थान असा विषय मागितला होता. उत्तर मिळालं, "हे समाजशास्त्रात जातं, तू आंब्याची निर्यात घे." आंब्यावर लिहायलाच हवं, त्यात वाद नाही. पण गावात दरवर्षी येणारा आणि खर्च होणारा एवढा पैसा अर्थशास्त्रात बसत नसेल, तर मग बसतं तरी काय?

अमेरिकेत नोटर डेम विद्यापीठात डॅनियल हंगरमन नावाचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक आहेत. धर्म आणि दान यांच्या अभ्यासावरच त्यांचं नाव झालं. २००५ च्या लेखात त्यांचा प्रश्न अगदी साधा होता: सरकारने मदत कमी केली, तर चर्च पुढे येतं का? १९९६ च्या कायद्याने तिथे नागरिक नसलेल्यांची सरकारी मदत तोडली होती. हंगरमननी प्रेस्बिटेरियन चर्चचे हिशेब तपासले. सभासदांची देणगी आणि चर्चचा समाजकामावरचा खर्च, दोन्ही वाढलेले दिसले. पुढे २००७ मध्ये जोनाथन ग्रुबर यांच्याबरोबर त्यांनी हाच प्रश्न उलट्या बाजूने विचारला. १९३० च्या दशकातल्या महामंदीत सरकारने 'न्यू डील'मधून मदत सुरू केली, तेव्हा चर्चच्या दानधर्माचं काय झालं? सहा मोठ्या ख्रिस्ती पंथांच्या आकड्यांवरून त्यांनी दाखवलं, की सरकारी मदतीमुळे चर्चचा हा खर्च ३० टक्क्यांनी घटला. सरकारी खर्चाच्या मानाने ही घट जेमतेम ३ टक्के होती. चर्चच्या बाजूने मात्र ती फार मोठी होती. २००८ मध्ये या दोघांनी रविवारच्या दुकानबंदीचे कायदे उठल्याचा परिणाम मोजला, तर चर्चमधली हजेरीही घटली आणि देणगीही.

हे वाचताना मला सारखी आमची वही आठवत होती.

देवस्थानच्या लाकडी पेटीत जुन्या वह्या आहेत. कापडी पुठ्ठ्याच्या, कडा वाळवीने खाल्लेल्या. एका रकान्यात रोख, एका रकान्यात तांदूळ आणि नारळ, आणि समासात 'मुंबई म.ऑ.' म्हणजे गिरणगावातून आलेली मनीऑर्डर. त्याच वहीत ओढ्यावरच्या साकवासाठी दिलेल्या फळ्या आहेत, विहिरीच्या उपशाची मजुरी आहे, शाळेच्या कौलांचे पैसेही आहेत. देवाच्या नावाने पैसा जमायचा आणि त्यातून गावाचं काम व्हायचं. नंतरच्या वह्यांत साकव दिसत नाही, विहीर दिसत नाही. तिथे दिसतो सभामंडपाचा स्लॅब, ग्रॅनाइटच्या पायऱ्या, सप्ताहाच्या जेवणाचा खर्च. मधल्या काळात सरकारी पूल आला, नळयोजना आली. म्हणजे सरकार आलं म्हणून देवस्थानने त्या कामातून हात काढला? की चाकरमान्यांची पिढी बदलली, आणि नव्या पिढीला पायरीवर आईचं नाव हवंसं वाटलं? माझा अंदाज आहे की दोन्ही. पण नुसत्या अंदाजाने भागत नाही. हे मोजायला शिकलेलं माणूस लागतं.

पायरीवरच्या नावाला कुणी दिखाऊपणा म्हटलं की मला वाईट वाटतं. जेम्स आंद्रेओनी या अर्थशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये मांडलं, की माणूस फक्त काम व्हावं म्हणून देत नाही. आपण दिलं, याचं समाधानही त्याला हवं असतं. म्हणूनच सरकारने तेच काम केलं तरी त्याचं देणं पूर्ण थांबत नाही. डोंबिवलीत वन रूम किचनमध्ये राहणारा माणूस गावच्या कामाला पैसे पाठवतो, तेव्हा तो गावाशी असलेलं आपलं नातं चालू ठेवत असतो. आमच्याकडे म्हणतात, "देवाच्या कामाक नाय म्हणूचा नाय."

शिवाय इथे एकाच किनाऱ्यावर किती तऱ्हा आहेत! हिंदू वाडीची वर्गणी, मुस्लिम मोहल्ल्यात जमातीचा फंड आणि बचतीवर अडीच टक्के जकात, म्हणजे धर्माने सांगितलेलं दान, मालवण-वेंगुर्ल्याकडची चर्चेस. आंब्याचं पीक गेलं त्या वर्षी कुणाचं दान घटतं? मुंबईचा पैसा ती तूट भरून काढतो का? २०२० चं निसर्ग वादळ, २०२१ चा चिपळूणचा पूर, अशा वेळी देवकार्याचा पैसा मदतीकडे वळतो, की लोक दोन्हीकडे देतात? अभ्यासकाने आणखी काय मागावं?

आणि ही गोष्ट आपल्याला नवी नाही. धोंडो केशव कर्व्यांनी दापोलीजवळच्या आपल्या गावासाठी मुरूड फंड काढला होता. आपल्या कमाईतला काही वाटा गावाच्या कामाला द्यायचा, ही त्यामागची कल्पना. पुढे त्यांच्याच महिला विद्यापीठाला ठाकरसींनी १५ लाखांची देणगी दिली. भारतातल्या धार्मिक संस्थांच्या सेवाकार्यावर केंब्रिजच्या श्रिया अय्यर यांनी मोठी पाहणी केली, त्यावर २०१८ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. केंब्रिजहून हे होऊ शकतं, तर रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या महाविद्यालयांना का जमू नये? इथल्या विद्यार्थ्याला वहीतली अक्षरं वाचता येतात, मानकरी कोण ते माहीत असतं, आणि 'गुप्तदान' लिहिलेल्या ओळीमागे काय असू शकतं तेही कळतं.

देवस्थान कमिट्यांनाही माझी हात जोडून विनंती आहे. धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब दिला की आपलं काम संपलं, असं समजू नका. जुन्या वह्या रद्दीत घालू नका, पावसाआधी बाहेर काढून त्यांचे फोटो काढून ठेवा. आमच्या कमिटीपुढे मी ठराव मांडलाय: देणगीदारांची नावं झाकून वह्या अभ्यासासाठी खुल्या करायच्या. दोघा-तिघांचा विरोध आहे, त्यांच्याशी बोलणं चालू आहे. भाचीने आंबा घेतलेला नाही. ती दुसऱ्या मार्गदर्शकाच्या शोधात आहे. कुणी प्राध्यापक हा विषय घ्यायला तयार असतील तर मला मेसेज करा.