‘शून्य न दाखवताच खाली आणलं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

ग्वाल्हेरच्या गडाची सहल तुमच्या मनासारखी झाली नाही, याबद्दल क्षमस्व. दोन स्टार दिलेत, तेही ठीक. पण ‘जगातलं सर्वांत जुनं शून्य दाखवतो म्हणाले, आणि न दाखवताच खाली आणलं’ हे वाचून गप्प बसवेना. आमचं पोट या बुकिंगांवर आहे, आणि नवीन माणूस आधी तेच वाचतो.

पहिलं म्हणजे ‘सर्वांत जुनं’ असं आम्ही कधीच म्हणत नाही. कंबोडियात इ.स. ६८३ च्या शिलालेखात शून्य आहे. आपलं ग्वाल्हेरचं इ.स. ८७६ चं. गडाच्या चतुर्भुज मंदिरातल्या शिलालेखात २७० हात लांब, १८७ हात रुंद बागेची आणि रोजच्या ५० माळांची नोंद आहे. त्या २७० आणि ५० मधलं ते बारीकसं गोल. ते दाखवायची मलाच जास्त हौस असते हो, मी कशाला टाळू?

आता वेळेचं. हे मंदिर माथ्यावर नाही, पूर्वेकडच्या चढावर आहे, आणि त्या वाटेनं गाडी जात नाही. गाडी जाते पश्चिमेच्या उरवाई दरवाजानं. म्हणून आदल्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर कळवलं होतं की सकाळी सहाला निघू, पायी चढू, मंदिर वाटेतच लागेल. तुम्ही लिहिलंत, बाबांचे गुडघे दुखतात, गाडी वरपर्यंत हवी. रास्तच आहे. मग ठरलं की माथ्यावरचा मान मंदिर राजवाडा बघून हत्ती पोळी दरवाजातून त्या मंदिराकडे खाली उतरायचं, आणि गाडी वळसा घालून पायथ्याशी येईल. त्यालाही ऊन चढायच्या आत पोहोचायला हवं ना? गाडी दारात सातपासून उभी. आधी बेडई (इकडची नाश्त्याची पुरी), मग जिलबी, मग बाजारात चंदेरीचं दुकान उघडायची वाट, असं करत निघालो सव्वादहाला. ग्वाल्हेरचा मे म्हणजे पुण्याचा नव्हे! हत्ती पोळीशी बाबा डोक्यावर ओला रुमाल टाकून सावलीत बसले, तुम्ही उतार बघितलात आणि म्हणालात, ‘राहू दे, फोटो बघू.’ तुमचा गाइड, म्हणजे माझा भाचा, एकटा खाली जाऊन फोटो काढून आणायला तयार होता, त्यालाही तुम्हीच थांबवलंत. रिव्ह्यूत यातलं काहीच नाही.

आता बाकीच्या तक्रारी. पायथ्याच्या गुजरी महालातलं संग्रहालय सोमवारी बंद असतं, ते सरकारी आहे. १८०० रुपयांत गाडी आणि गाइड. मान मंदिराचं तिकीट वेगळं, ते पैसे पुरातत्त्व खात्याकडे जातात. आणि ‘मराठी गाइड म्हणवतो, पण निम्मं हिंदी बोलतो’, हे मात्र लागलं. शिंद्यांबरोबर इकडे आलेल्या घरांत अजून मराठी बोलतात, तीत चार हिंदी शब्द यायचेच. त्याच तोंडानं त्यानं तुम्हाला गडावरच्या तेली मंदिरापासून सासबहू मंदिरांपर्यंत सगळं समजावलं, तेव्हा तुम्ही हसून दाद देत होतात.

असो. शून्यासाठी पायी जावं लागतं हे यापुढे बुकिंगच्या मेसेजमध्ये ठळक लिहू, गाडीत पाणीही जास्त ठेवू, बाकीचंही बघतो. थंडीत परत आलात तर त्या वाटेचे पैसे घेणार नाही. स्टार बदलू नका हवं तर, पण ‘न दाखवताच’ एवढं तरी काढा.