सांताक्रूझचा पारा आणि धारावीचा पत्रा

मुंबईचे तापमान म्हणून बातम्यांत जो आकडा सांगितला जातो, तो सांताक्रूझच्या किंवा कुलाब्याच्या वेधशाळेतला असतो. तेथील तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत आणि खेळत्या हवेत ठेवलेला असतो. शास्त्राला ते आवश्यकच आहे. माझी हरकत आहे ती त्या एका आकड्यावरून साऱ्या शहराचा उन्हाळा ठरवण्याला. किनारपट्टीवर कमाल तापमान किमान ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असेल, तर उष्णतेची लाट मानतात. धारावीत पोटमाळ्यावर, डोक्यापासून हातभर अंतरावरच्या पत्र्याखाली दिवसभर शिलाई करणाऱ्या माणसाची लाट मात्र त्याआधीच सुरू झालेली असते.

मी माटुंग्यात राहतो. फाइव्ह गार्डन्सच्या झाडांखालून मे महिन्यातही भर दुपारी चालता येते, आणि रूळ ओलांडून धारावीत शिरले की डोक्यावर फांदी म्हणून दिसत नाही. हा निसर्गाचा पक्षपात नव्हे. १८९६च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंगा रुंद रस्ते आणि बागांसाठी जागा राखून आखले. कातडी कमावण्याचे कारखाने मात्र धारावीच्या वाट्याला आले. आम्हाला मिळालेली सावली सार्वजनिक पैशातून, सार्वजनिक निर्णयाने आलेली आहे, हे आम्ही सोयीस्करपणे विसरतो.

पत्रा निदान रात्री लवकर निवतो. दिवसभर ऊन प्यायलेले काँक्रीट आणि डांबर ते पहाटेपर्यंत बाहेर टाकत राहते, आणि दोन हातांच्या बोळात वारा शिरत नाही. त्यात आमचे एसी खोलीतली उष्णता उचलून रस्त्यावर फेकतात. (माझ्याही खिडकीबाहेर एक यंत्र आहे.)

मे २०१०च्या जीवघेण्या उष्म्यानंतर अहमदाबादने २०१३मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांची छपरे पांढऱ्या परावर्तक रंगाने रंगवण्याचे कामही हाती घेतले. मुंबईने हे जसेच्या तसे उचलू नये. इथे गळती थांबवण्यासाठी पत्र्यावर निळी ताडपत्री अंथरून त्यावर जुने टायर आणि विटा ठेवतात, आणि पाऊस सरला तरी ती बहुधा तशीच राहते. ताडपत्रीखाली गेलेला पांढरा रंग कुणाच्या उपयोगाचा? आधी पत्र्यांची गळती काढावी, मग रंग द्यावा, आणि हे सारे फेब्रुवारीपर्यंत उरकावे.