खुलासा : ‘प्यायलेल्या दिवशी गोळी नको’ हा सल्ला घातक आहे

इंदूरमधल्या आपल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश फिरतोय: ‘टीबीच्या किंवा एचआयव्हीच्या रुग्णाने दारू घेतली तर त्या दिवशी गोळी टाळावी. आधी दारू सोडवा, मग उपचार सुरू करा.’ रामबाग, लोकमान्य नगरच्या घराघरांत तो पोचला असेल, म्हणून स्पष्टच सांगते, हे चूक आहे.

अर्धसत्य एवढंच की आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड ही टीबीची औषधं यकृतावर ताण देतात आणि दारूने तो वाढतो. पण चुकलेल्या गोळ्यांमुळे जंतू औषधांना दाद देईनासे होतात. एचआयव्हीतही तोच धोका. दारू घेतली तरी गोळी चुकवू नका, आणि पिण्याबद्दल डॉक्टरांना खरं सांगा. उलट्या, गडद लघवी, पिवळे डोळे दिसले तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

‘समुपदेशनाने काही होत नाही’ हेही त्याच संदेशात आहे. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, अतिमद्यपान करणाऱ्या पुरुषांवर झालेला अभ्यास 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. प्रशिक्षित सामान्य माणसांनी मोजक्या बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी 36 टक्के जण धोक्याच्या पिण्यातून बाहेर आले, नेहमीच्या उपचारात 26 टक्के. ते टीबीचे रुग्ण म्हणून निवडलेले नव्हते, पण समुपदेशनाची पद्धत त्यांच्यासाठीही तीच: पिण्याची वेळ आणि कारण ओळखणं, नकार द्यायचा सराव, घरच्यांची साथ.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते. टीबीसाठी 1800-11-6666, मानसिक आधारासाठी 14416.