दोरी डुप्लिकेट नाही, गाठ आमची कच्ची होती

नमस्कार दादा, रिव्ह्यू वाचला. १ स्टार दिलात, "३० पौंडाची ब्रेडेड लाइन डुप्लिकेट, पहिल्याच मोठ्या तांबोशीला सुटली, मालवणात येऊन फसलो" असं लिहिलंत. राग बरोबर आहे तुमचा, कोल्हापूरहून पहाटे निघून खडपावर उभं राहायचं आणि मासा लीडरसकट (गळाकडचा जाड दोरीचा तुकडा, जो ब्रेडला गाठीने जोडतात) गेला की काय होतं ते आम्हाला पण माहितीय, आमचे पण गेलेत.

पण डुप्लिकेट म्हणालात तिथे थांबतो. तुम्ही टाकलेला फोटो मी मोबाईलवर मोठा करून तीनदा बघितला. खडपाला किंवा कालवांना घासून तुटलेली ब्रेड अशी दिसत नाही, तिचं टोक ब्रशसारखं पिंजलेलं असतं, धागे बाहेर आलेले. तुमचं टोक साबूत आहे आणि शेवटचे तीन-चार इंच कुरळे, गुंडाळलेल्या वळ्या अजून तशाच दिसतायत. म्हणजे दोरी तुटलीच नाही, गाठीतून सरकून निघून आली. आणि ती गाठ तुम्ही नाही, आमच्या दुकानात बांधून दिलेली, त्यामुळे चूक आमची. पोराला विचारलं तर म्हणाला रविवारची गर्दी होती, गिऱ्हाईक ओहोटी साधायला घाईत होतं, एफजी (ब्रेड लीडरला जोडायची विणलेली गाठ) बांधली पण शेवटी ओढून बसवली नाही. हे मी कबूल करतोच, उगाच तुमच्यावर ढकलत नाही.

आता इतर लोक पण हे वाचतील म्हणून थोडं सांगतो, कारण ही तक्रार वर्षभर कोणाची ना कोणाची येतेच. आपला जुना तंगूस, म्हणजे नायलॉनची एकेरी दोरी, जाड आणि ताणणारा, त्याला कशीही गाठ मारली तरी धरायची. ब्रेड म्हणजे बारीक धाग्यांची वेणी, जवळजवळ ताणत नाही आणि भयंकर गुळगुळीत, त्यामुळे तंगूसाची गाठ तिला मारली की ती सरकते. एफजीमध्ये लीडर सरळच राहतो, त्याला गाठ पडतच नाही, ब्रेड त्याच्यावर एकदा वरून एकदा खालून अशी विणत जायची, १८-२० वेढे, आणि मग ताणली की ती लीडरला आवळून धरते. जेवढं ओढाल तेवढी पकड घट्ट. पण हे सगळं कधी, तर आधी थुंकीने किंवा पाण्याने ओली करून दोन्ही बाजूंनी जीव खाऊन ओढली तर. हाताला फडकं गुंडाळा नाहीतर ब्रेड बोट कापते. नीट बसली की वेढे एकमेकांना चिकटतात आणि रंग गडद होतो. रंग बदलला नाही तर गाठ बसलेली नाही, मग वर कितीही हाफ हिच (साधे अर्धे फास) मारा, शोभेचे. पोराने तेवढंच केलं होतं.

तुम्ही लिहिलंय की टोक लायटरने जाळून नीट केलं. ते मात्र पुढच्या वेळी नको. लीडरच्या टोकाला छोटा गोळा करायला ठीक, पण ब्रेड साधारण १५० डिग्रीच्या आसपासच वितळते, ज्योत जवळ गेली तरी बाजूचे वेढे गेले. तुमच्या केसमध्ये यामुळे झालं असं मी म्हणत नाही हां, फोटोत जळलेलं काही दिसत नाही.

वाऱ्यात, होडीत, हात थरथरताना एफजी जमत नसेल तर डबल युनी (दोन्ही दोऱ्यांच्या गाठी एकमेकींना भिडवायच्या) मारा, ब्रेडकडून ८ वेढे, लीडरकडून ४. जाडी होते, रॉडच्या रिंगमधून जाताना टकटक वाजते, लांब फेक थोडी कमी पडते, पण अर्धवट एफजीपेक्षा शंभरपट बरी. मी स्वतः अंधारात तीच मारतो, यात कमीपणा काय. आणि कुठलीही गाठ असो, आधी १० लिटरची बादली भरून टांगून बघा, १० किलो होतात, ३० पौंडाची दोरी म्हणजे साडेतेरा किलोच्या वर ताण घेणारी. जी गाठ घराच्या दारात सुटली तिने तांबोशी काय धरणार, ती तर गळ लागल्या लागल्या खडपाच्या भोकात शिरते.

पैशाचं सांगतो. ब्रेडचे पैसे परत देणार नाही कारण ब्रेड चांगली आहे, पटत नसेल तर त्याच स्पूलची दोरी तुमच्यासमोर वजनकाट्याला लावून ओढतो, साडेतेरा किलोच्या आत तुटली तर पूर्ण पैसे परत. लीडर, जिगहेड (वजन लावलेला गळ) आणि गेलेला सॉफ्ट बेट (रबरी नकली आमिष) आमच्याकडून, गाठ आमची होती म्हणून. आणि त्या दिवसापासून दुकानात नियम केलाय, बांधून दिलेली प्रत्येक गाठ गिऱ्हाइकासमोर ओढूनच द्यायची, रांग लागली तरी.

स्टार बदला असं म्हणत नाही, पण "डुप्लिकेट" तेवढं काढलंत तर बरं होईल. गुरुवारी दुकान बंद असतं. येताना नुसता स्पूल नको, रॉड आणि रील दोन्ही आणा, गाठ रिंगमधून जाते का तेही बघून देतो.