स्पीकर घेताय? मग कान घरी ठेवून जा!

स्पीकर ऐकून घ्यायचा, हा जुनाट समज आधी डोक्यातून काढून टाका. ज्याच्या खोक्यावर मोठे आकडे, तो स्पीकर चांगला.

सर्वांत आधी वॅट बघा. कोपऱ्यात बारीक अक्षरांत आरएमएस लिहिलेलं असेल, तिकडे ढुंकूनही बघू नका. स्पीकर सतत किती वॅटवर वाजू शकतो, असली रटाळ माहिती असते ती. पीएमपीओ बघा, म्हणजे क्षणभरापुरती दाखवलेली कमाल पॉवर. तो मोजायची ठरलेली पद्धतच नाही, त्यामुळे त्याला खोटं पाडणार कोण? परवाच आमच्याकडे असा एक डबा आला. खोक्यावर सोनेरी अक्षरांत १००० वॅट. सोबतच्या ॲडाप्टरवर मात्र १२ व्होल्ट, २ अँपिअर. गुणाकार करा. २४ वॅट! आत २४ जातात आणि बाहेर १००० पडतात, म्हणजे जगाचा ऊर्जेचा प्रश्न मिटला की! आवाज निम्म्यावर नेला की बास फाटतो आणि डबा थरथरत टेबलाच्या कडेकडे सरकतो. कस्टमर केअरला विचारलं, तर म्हणे, "सर, ती पीक पॉवर आहे." अहो, पीक म्हणजे किती वेळ? डोळ्याची पापणी लवायच्या आत संपणारी पॉवर घेऊन मी गाणं कुठलं ऐकू? आणि खरोखर हजार वॅट असते, तरी पाचशेपेक्षा आवाज वाढला असता फक्त ३ डेसिबल. हे मात्र कुठल्याच खोक्यावर छापत नाहीत.

फ्रिक्वेन्सी, म्हणजे किती खर्जातल्या स्वरापासून किती तारस्वरापर्यंत वाजतो ते: २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ. माणसाच्या कानाचा पल्ला नेमका तेवढाच सांगतात, हा योगायोग समजा. पुढे 'अधिक-उणे ३ डेसिबल', म्हणजे त्या पल्ल्यात आवाज किती वर-खाली होतो, ते का लिहिलेलं नाही, असं विचारून दुकानदाराला दुखवू नका. स्पीकरच्या तीन इंची पडद्यातून (कोनमधून) २० हर्ट्झ ऐकू आला नाही, तर दोष तुमच्या कानाचा.

इम्पिडन्स, म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध, ८ ओहम छापलाय ना, मग मधेच तो चारवर उतरला आणि जास्त करंट ओढायला लागला तर तुमचा ॲम्प्लिफायर बघून घेईल.

सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक पॉवरला किती आवाज निघतो ते, १ वॅटला मोजली की २.८३ व्होल्टला, या चौकशीत पडू नका. ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले की २ वॅट जातात आणि कागदावर ३ डेसिबल फुकट मिळतात. फुकटचं कोण सोडतं?

डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजातली विकृती, ०.१ टक्का. किती आवाजाला? गप्प बसा.

पुरे झाली थट्टा. मोजता येत नाही म्हणून हे घडतं, असं नाही. लाउडस्पीकर मोजायचं आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेचं मानक आहे, माइक आहेत, सॉफ्टवेअर आहे. आलेख छापायला आणि मोजणीच्या अटी लिहायला चार ओळी लागतात. पण सोनेरी हजार छापायला जागा आहे, त्या चार ओळींना नाही. निर्लज्जपणा आहे हा, दुसरं काही नाही. आणि तुम्ही? मोबाइल घेताना दहा रिव्ह्यू वाचता, बॅटरीचे तास मोजता, आणि इथे 'हजार वॅट' वाचलं की पाकीट काढता. अटी न छापलेला आकडा दिसला की खोका खाली ठेवावा, एवढंही होत नाही तुमच्याने?