चार्ट तिचा, तपासणी कुणाची?

बडोद्याच्या आमच्या मराठी मंडळींत सध्या एक वाद चालू आहे आणि इंग्लंडात लेस्टरमध्ये बसून तो ऐकताना माझं डोकं फिरतं. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं ऊतक गर्भाशयाबाहेर वाढण्याचा दुखरा आजार) असलेल्या सुनेनं गहू-दूध सोडावं, मोबाइलवर पाळीचा हिशोब ठेवावा, दिवस राहतील आणि आजारही जाईल, असं एक बाजू म्हणते. दुसरी म्हणते, हा वेळकाढूपणा आहे, सरळ आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) करा. एक मूल झालं की दुखणं थांबतं, यावर मात्र दोन्हीकडच्या काकू-आत्यांचं एकमत. ते साफ चूक. गरोदरपणात पाळी नसते म्हणून कित्येकींना आराम पडतो. पाळी परत सुरू झाली की दुखणंही परतू शकतं.

आहारानं गर्भाशयाबाहेर वाढलेलं ऊतक जात नाही, चिकटलेल्या नळ्या सुटत नाहीत. एश्रे या युरोपीय संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत कुठल्याही ठरावीक आहाराची शिफारस नाही. पण पोट फुगणं, गॅस, बद्धकोष्ठ हा त्रास या आजारात फार असतो आणि तिथे ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाचा लो-फॉडमॅप आहार, म्हणजे आतड्यात आंबून गॅस करणारी काही कर्बोदकं टाळणारा आहार, उपयोगी पडू शकतो. दोन ते सहा आठवडे कांदा, लसूण, गहू, राजमा, छोले, साधं दूध बंद. म्हणजे सेव-उसळ गेली, थेपले आणि खाखरेही गेले. भात, ज्वारीची भाकरी, बटाटा, गाजर, अंडी, शेंगदाणे चालतात, डाळ थोडीच. लसणाशिवाय घास उतरत नसेल तर पाकळ्या तेलात परतून काढून टाका आणि त्याच तेलाची फोडणी द्या. लसणातलं त्रासदायक फ्रुक्टॅन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. आमटीत उकळलेली पाकळी नंतर वेचून काढण्यात काही अर्थ नाही, फ्रुक्टॅन रसात उतरलेलं असतं. हिंगाची डबीही वाचा. बांधानी हिंगात बहुतेकदा गव्हाचं पीठ असतं.

गडबड होते ती यापुढे. दोन ते सहा आठवड्यांनी एकेक गट परत आणायचा असतो: तीन दिवस, रोज थोडं वाढवत, बाकी ताट तसंच ठेवून. हे पाळीत किंवा तिच्या आदल्या आठवड्यात करू नये. तेव्हा पोट तसंही बिघडलेलं असतं आणि दोष गव्हावर जातो. मग तो गहू वर्षानुवर्षं बंदच राहतो, दूधही, आणि दिवस राहण्याची तयारी करणारी बाई कॅल्शियम, प्रथिनं, तंतू सगळ्यातच कमी पडते. फरक पडला नाही तर हा आहार सोडून द्यायचा असतो, हे तर कुणी सांगतच नाही. त्यापेक्षा रक्तस्राव जास्त असेल तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा, लोहाच्या गोळीच्या आगेमागे तासभर चहा घेऊ नका आणि फोलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम रोज, आधीपासून.

आता पाळीचा चार्ट. ॲप अंडं सुटण्याचा म्हणून १४ वा दिवस रंगवून दाखवतं तो निव्वळ अंदाज. थर्मामीटर दोन दशांश स्थळांचा हवा, तापाचा नको. जाग आल्यावर, अंथरुणातून उठायच्या आत, रोज साधारण त्याच वेळी, निदान तीन तासांच्या सलग झोपेनंतर तापमान घ्यायचं. आधीच्या सहा दिवसांपेक्षा सलग तीन दिवस वर, आणि तिसरं किमान ०.२ अंश सेल्सियसनं वर, तर अंडं सुटलं असं धरतात. सुटून गेलं, असं. तापमान चढल्यावर प्रयत्न करणं म्हणजे गाडी सुटल्यावर तिकीट काढणं. दिवस राहू शकतात ते अंडं सुटण्याआधीचे पाच दिवस आणि तो दिवस. म्हणून स्राव बघायचा. कोरडा, चिकट, मग अंड्याच्या पांढऱ्यासारखा पारदर्शक, बोटांत तार धरणारा. एलएच पट्टी (अंडं सुटण्याआधी लघवीत वाढणारं संप्रेरक दाखवणारी) वापरत असाल तर तिच्यावरची रेघ शेजारच्या रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद झाली तरच होकार. फिकट रेघ गरोदरपणाच्या चाचणीत मोजतात, इथे नाही.

या आजारात आणखी दोन खोडे आहेत. डायनोजेस्ट ही या आजारावरची संप्रेरकाची गोळी चालू असताना चार्टला अर्थ नाही. त्या गोळीनं अंडं सुटणंच थांबतं, आणि तिनं दिवस राहण्याची शक्यता वाढत नाही. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या अंडं सुटायच्या सुमारास रोज घेतल्या तर फॉलिकल (अंड्याची पिशवी) न फुटताच तापमान चढू शकतं: चार्ट देखणा, अंडं आतच. डॉक्टरांना हे विचारून घ्या. दुखण्याचा रकाना मात्र प्रत्येकीनं ठेवावा: ० ते १० आकडा, कुठे, शौचाच्या, लघवीच्या की संबंधाच्या वेळी, गोळी कोणती. सोनोग्राफी नॉर्मल आली तरी आजार नाही असं ठरत नाही, तेव्हा तीन पाळ्यांचा हा कागद कामाला येतो. इथल्या जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, दहा मिनिटांत तर तोच तारतो.

इथे सासूबाई चार्ट बघायला मागत नाहीत, हे मी बडोद्याला नेहमी ऐकवते. एंडोमेट्रिओसिस यूकेच्या २०२४ च्या अहवालात निदानाला सरासरी ८ वर्षं १० महिने लागतात असं आहे, हे ऐकवत नाही. पैसे मोजले तर बडोद्याच्या रावपुऱ्यात संध्याकाळपर्यंत सोनोग्राफी होते, तेही गिळते. इथल्या आहाराच्या कागदावर क्विनोआ आणि सॅमन असतो. ज्या गावच्या सयाजीराव विद्यापीठात पोषणशास्त्र शिकवतात, त्या गावाला वरण-भाताचा हिशोब लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरून का लागावा? लेस्टरात मी गुजराती, पुण्यात बडोद्याची, बडोद्यात आता तिकडची. सल्ला ऐकतात तो लांबून आला म्हणून, आणि उडवून लावतात तेही त्याचसाठी. तरी देते. त्या घरांत आपला शब्द अजून चालावा असं वाटतं, एवढंच असेल.

आयव्हीएफवाल्यांचं अर्धं खरं आहे. वय ३७, एएमएच (अंड्यांच्या साठ्याचा अंदाज देणारं संप्रेरक) कमी, आणि आहार लागू पडायची वाट बघणं चालू, हे घातकच. पण आयव्हीएफनं दुखणं जात नाही, आणि २८ व्या वर्षी नळ्या मोकळ्या असतील तर ती पहिली पायरी असेलच असं नाही. वर्षभर प्रयत्न करून मग डॉक्टरांकडे जायचं, ही मुदत सर्वसाधारण जोडप्यांसाठी. बाईचं वय ३६ किंवा जास्त असेल, किंवा कारण माहीत असेल तर आधी जावं, असं ब्रिटनची नाइस संस्था सांगते. एंडोमेट्रिओसिस हे माहीत असलेलंच कारण. आणि या सगळ्या वादात चिरंजिवांच्या वीर्यतपासणीचं नाव कुणी काढलेलं नाही. सुनेचं थर्मामीटर आणाल त्याच आठवड्यात ती करा. दोन ते सात दिवस संयम, नमुना घरून नेणार असाल तर अंगाशी धरून, तासाभरात प्रयोगशाळेत. बिघडलेला अहवाल आला तर तीन महिन्यांनी पुन्हा करतात, कारण नवे शुक्रजंतू तयार व्हायला साधारण तेवढा वेळ लागतो.